पहिला ब्रेक थंडच असतो

गाडी नवी, दीडशे अश्वशक्तीची. चाकं मोठी झाली, सायलेन्सर बदलला, आता राहिले ब्रेक. मग पॅडचा डबा येतो. डब्यावर छापलेलं असतं, ‘रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी’.

ट्रॅक कुठला?

इथून, म्हणजे भंडाऱ्याहून, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हजार किलोमीटरांच्या पुढे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅकही तसाच हजारापुढे, आणि कोइमतूरचा कारी त्याहून लांब. डब्यावरचा दुसरा शब्द वापरायचा तर दोन दिवस गाडी हाकावी लागते. पहिला शब्द फाटकाबाहेर पडल्या पडल्या लागतो.

तरी पॅड निवडताना सगळी चर्चा दुसऱ्याच शब्दाची.

आता हा पहिला शब्द, म्हणजे आपला रस्ता, कसा आहे? राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना सहा नंबर. वैनगंगेचा पूल, लाखनी, साकोली, पुढे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. रोवणीच्या दिवसांत लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर, कापणीनंतर अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं धान, रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली. कुठूनही रानडुक्कर निघतं. गाय तर बसलेलीच असते.

यातलं कोणी तुमचे पॅड तापेपर्यंत थांबणार आहे का?

सगळा प्रश्न एवढाच आहे. ट्रॅकचा पॅड तापल्यावर धरतो. रस्त्यावर ज्या ब्रेकवर जीव अवलंबून असतो तो पहिला असतो, एकच असतो, आणि थंड असतो.

खरं तर ही गोष्ट भंडाऱ्याला कोणी शिकवायला नको. ब्रेक बनवणं या जिल्ह्याचा उद्योगच आहे. १९६४ साली मुंबईत हिंदुस्थान फेरोडो नावाची कंपनी निघाली. आज तिचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स, आणि कारखाने दोन : एक पैठणला, दुसरा भंडाऱ्यात. ब्रेक लायनिंग, क्लच फेसिंग, डिस्क पॅड, रेल्वेचे ब्रेक ब्लॉक हा तिचा माल. गडेगावला अशोक लेलँडचे गिअरबॉक्स बनतात, वरठीला सनफ्लॅगचं पोलाद. गाडी पळवणारं आणि थांबवणारं, दोन्ही सामान याच जिल्ह्यात तयार होतं. आणि आमची पोरं पॅड कसा निवडावा हे मोबाइलवर परदेशी माणसाला विचारतात.

फेरोडो हे नावही ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. उतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांचे गाडीवान चाक रोखायला जुन्या बुटाचा तळ वापरायचे, ते त्याने पाहिलं, असं सांगतात. १८९७ साली त्याने धंदा काढला. स्वतःच्या नावाची अक्षरं उलटीसुलटी केली, बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर जोडलं, झालं फेरोडो. सव्वाशे वर्षांपूर्वी उतार बघून ब्रेक ठरला.

आपण डब्याचा रंग बघून ठरवतो.

एक विलायती कंपनी आपले पॅड हिरव्या, लाल, पिवळ्या, निळ्या रंगाच्या नावांनी विकते. रंग म्हणजे मिश्रणाची खूण, दर्जाची पायरी नाही. पण ऐकणारा काय समजतो? हिरव्यापेक्षा पिवळा भारी, पिवळ्यापेक्षा निळा भारी. ‘भाऊ, सगळ्यात वरचा कोणता?’ असं दुकानात विचारलं जातं. सगळ्यात वरचा असा पॅडच नसतो. कोणत्या तापमानाचा, हे विचारायचं असतं.

पॅडमध्ये असतं काय, ते आधी पाहू. सगळं धरून ठेवणारी राळ, म्हणजे फिनॉलिक रेझिन. ताकदीसाठी अ‍ॅरामिड किंवा पोलादाचे तंतू. वंगणाला ग्राफाइट, भरीला बराइट. आणि काजू. हो, कोकणातल्या, गोव्यातल्या काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलाची राळ करून तिची भुकटी ब्रेक लायनिंगमध्ये घालतात. उष्णता वाहून न्यायला तांबं किंवा पितळ. पितळेची भांडी घडवून नाव कमावलेल्या भंडाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पातेल्यात आच कशी पसरते हे इथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तांब्याचं एक वाईटही आहे. पॅड झिजतो तेव्हा त्याची धूळ रस्त्यावर पडते, पावसात वाहते, नदीत जाते, माशांना बाधते. कॅलिफोर्नियाने २०१० सालीच कायदा केला : २०२१ पासून पॅडमध्ये ५ टक्क्यांहून जास्त तांबं नको, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याहून जास्त नको. ट्रॅकचा पॅड रस्त्यावर वापरला की धूळ जास्त पडते. आपल्या रस्त्याचं पाणी कुठे जातं? वैनगंगेतच ना?

जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात बसले की निघत नाहीत. ड्रम उघडून फूं करून धूळ उडवायची सवय अजून कितीतरी गॅरेजांत आहे, आणि बाजूला पाना धरून पंधरा वर्षांचं पोर उभं असतं. ओल्या फडक्याने पुसा. एवढं तरी करा.

आता उष्णता. इथे थोडं थांबू, कारण सगळी गफलत इथेच होते.

माणसासकट १३०० किलोची गाडी ट्रॅकवर दीडशेच्या वेगाने येते आणि वळणाआधी साठवर आणायची असते. तीनेक सेकंदांचं काम. तेवढ्यात जवळपास साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये ओतली जाते. तेवढ्या ऊर्जेत तीन लिटरांहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. तीन सेकंदांत तीन लिटर. तेही एका वळणाला. कारीची फेरी २.१ किलोमीटरची, मिनिट-दीड मिनिटात संपणारी, आणि त्यात पुन्हा पुन्हा ब्रेक. डिस्क थंड व्हायला सवड कुठे आहे?

आता गावातला ब्रेक घ्या. साठवरून शून्य. ऊर्जा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. पुढचा ब्रेक दोन-चार मिनिटांनी. तोवर वारा लागून डिस्क निवते.

वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. शाळेच्या पुस्तकातलं सूत्र आहे, पण गाडी घेताना कोणाला आठवत नाही.

म्हणून रस्त्याचा पॅड वेगळा, ट्रॅकचा वेगळा. रस्त्याचा पॅड पहिल्या दाबाला धरतो आणि साधारण साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत नीट चालतो. त्यापुढे त्याची राळ जळू लागते, वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर येतो आणि पकड जाते. ट्रॅकचा अस्सल पॅड सहाशे-सातशे अंशांवरही शांतपणे काम करतो. पण त्याची खरी पकड सुरू होते दीडशे-दोनशेच्या पुढे. त्याच्याखाली तो नुसता दगड.

‘आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, म्हणून ट्रॅकचाच पॅड बरा,’ असं सांगणारे भेटतात. अहो, चारशे अंशांच्या खेळात उन्हाळ्याचे जास्तीचे पंधरा अंश कुठे लागतात? पॅडला मे महिना कळत नाही.

जानेवारी मात्र कळतो. पहाटे दहा-बारा अंश, वैनगंगेवर धुकं, गाडी नुकतीच बाहेर काढलेली. पुलाच्या तोंडाशी समोर बैलगाडी उभी. तुम्ही पेडल दाबता आणि दगडाला दगड घासतो. गाडी थांबत नाही असं नाही, थांबते. पण रोजच्या सवयीपेक्षा पाय कितीतरी जोरात रोवावा लागतो, आणि हे कळेपर्यंत वेळ जातो. ताशी ऐंशीला एक सेकंद म्हणजे बावीस मीटर.

बैलगाडी बावीस मीटर मागे सरकणार आहे का?

समृद्धी महामार्गाचंही तसंच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मोटारींना कमाल वेग १२०. त्याला ट्रॅक समजून पॅड घेणारे आहेत. पण तिथे ब्रेक लागतोच किती? तास तास पाय पेडलला लागत नाही. वारा लागून डिस्क गार पडलेल्या, पावसाळ्यात वर ओल्या. अशा वेळी अचानक समोर काही आलं तर? सगळ्यात वेगवान रस्त्यावर पहिला ब्रेक सगळ्यात थंड असतो.

आता टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असं पाहून, मूळ पॅडवर एकदा जोरात ब्रेक दाबून बघा. पायाखाली थरथर झाली, म्हणजे एबीएस जागं झालं, तर समजा की टायरची पकड तिथे संपली. आता त्यावर कितीही महाग पॅड लावा, त्या एका ब्रेकचं अंतर कमी होणार नाही. चांगला पॅड दहाव्या ब्रेकलाही पहिल्यासारखाच धरतो, त्याचे पैसे त्यासाठी मोजायचे. पहिल्याच ब्रेकला गाडी लवकर थांबायला हवी असेल तर टायर घ्या.

चार वर्षं जुने, कडक झालेले टायर आणि पुढे शर्यतीचे पॅड. अशा गाड्या मी पाहिल्यात. पैसा नेमका उलट्या जागी गेलेला.

ब्रेक ऑइलकडेही कोणी बघत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. त्याचा स्वभावच तो. भंडारा हा तलावांचा जिल्हा, चार महिने पाऊस, हवेत ओल. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल शिरलेलं १४० अंशांनाच. डॉट ४ नवं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ नवं २६०, ओलं १८०. हे त्या त्या प्रकाराचे किमान आकडे आहेत. आता वरचे पाणी उकळणारे आकडे आठवा. डिस्कची आच पॅडमधून, कॅलिपरच्या दट्ट्यातून थेट या ऑइलला लागते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल सरळ तळाला जातं.

आणि बाजारात सातशे अंश झेलणारे पॅड घ्यायला निघालेल्या माणसाला ऑइल शेवटचं कधी बदललं ते सांगता येत नाही.

दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलायचं, ट्रॅकवर जाणार असाल तर जाण्याआधी नक्की. डॉट ५.१ हे डॉट ३ किंवा ४ च्या जागी चालतं. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. नावात एका टिंबाचा आणि एका आकड्याचा फरक, म्हणून डबा वाचून घ्या.

ब्रेक कमी पडले असं वाटतं तेव्हा नक्की काय कमी पडलं, हे पाय सांगतो. पेडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी मंदावत नाही? पॅड जास्त तापलाय. पेडल मऊ पडलं, खाली खाली चाललंय? ऑइल उकळलंय. पहिल्यावर उपाय पॅड. दुसऱ्यावर पॅड बदलून काडीचा फायदा नाही. पण आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, ‘ब्रेक लागत नाही’, आणि दोन्हींवर एकच औषध, महागडा डबा.

मिस्त्रीला सांगताना एवढं तरी सांगा, पेडल कडक होतं की मऊ. अर्धं निदान तिथेच होतं.

बऱ्याच पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, तीही वाचा. ई, एफ, जी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानावरची पकड, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफएफ असेल तर साध्या तापमानाला आणि तापल्यावर, दोन्ही वेळा मध्यम. एफई असेल तर तापल्यावर उतरतो. फुकटची माहिती आहे, पॅडवरच छापलेली.

पण ही चाचणी जेमतेम साडेतीनशे अंशांच्या आसपास थांबते. ट्रॅकचं तापमान तिथून सुरू होतं. त्यामुळे रस्त्यासाठी ही अक्षरं पुरेशी, ट्रॅकसाठी कंपनीचा तापमानाचा आलेख मागायचा. दुकानदाराकडे नसतो. कंपन्या तो छापतात. तो नाही मिळाला तर पॅड घेऊ नका.

मग ते मधले पॅड, ‘दोन्हींसाठी’वाले, निव्वळ थाप का? नाही. थाप नाहीत, तडजोड आहेत. फेरोडोचाच डीएस २५०० हा त्यातला नावाजलेला. कंपनी सांगते त्याप्रमाणे घर्षणांक सरासरी ०.४२, पल्ला पाचशे अंशांपर्यंत. थंडीतही बऱ्यापैकी धरतो, ट्रॅकवर काही फेऱ्या काढतो. किंमत जास्त, थोडी किंचकिंच, चाकांवर धूळ, डिस्कची झीज थोडी वाढती. वर्षातून एक-दोनदा ट्रॅक, हलकी गाडी, चार-पाच फेऱ्या मारून एक सावकाश फेरी काढायची शिस्त, एवढं असेल तर माझा त्याला विरोध नाही.

पण आधी हे मोजा की ट्रॅकवर खरंच किती वेळा गेलात. ‘जाणार आहे’ याची मोजणी होत नाही.

मोजणी शून्य आली तर विषय संपला. गाडीच्या कंपनीचेच, नाहीतर त्याच तोडीचे, खात्रीच्या दुकानातून घेतलेले रस्त्याचे पॅड लावा. ताजं ऑइल, चांगले टायर. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घ्या, दीडशे अश्वशक्ती, मागे ड्रम. ह्युंदाईची आय २० एन लाइन, चारही चाकांना डिस्क. दोन्ही गाड्यांना मूळचे ब्रेक आपल्या रस्त्याला पुरतात. पुरत नसतील तर ब्रेकला दोष देण्याआधी वेग बघा.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. पुढे साधे पॅड आणि मागे जास्त पकडीचे. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी अडकली की गाडी आडवी होते. स्वस्तात मिळाले म्हणून फक्त मागचे भारी पॅड बसवलेले असले तर आजच काढा.

आणि मोजणीत वर्षाला चार-सहा ट्रॅक-दिवस निघत असतील तर? मग दोन संच. मध्यममार्ग नाही. रस्त्याचे पॅड गाडीला, ट्रॅकचे डिकीत.

हे ऐकून लोक वैतागतात. ‘प्रत्येक वेळी काढा-घाला कोण करणार?’ अहो, बहुतेक गाड्यांत कॅलिपरचे दोन बोल्ट असतात. चाक काढा, दट्ट्या मागे दाबा, पॅड बदला. हात बसला की पुढच्या दोन चाकांना तासभर. ज्या माणसाला हजार किलोमीटर गाडी हाकायला कंटाळा येत नाही त्याला दोन बोल्ट जड होतात?

शर्यतवाले काय करतात बघा. चाकणला बनलेल्या पोलोची शर्यत २०१० पासून कोइमतूर-चेन्नईच्या ट्रॅकवर होऊ लागली. शर्यतीची गाडी ट्रकवर चढवून ट्रॅकवर नेतात. तिच्यावर बसून कोणी दूध आणायला जात नाही. ज्यांचं पोट यावर आहे ते दोन्ही कामं एका पॅडवर करत नाहीत, आणि हौशी माणूस करतो.

नवे पॅड लावले की लगेच कोणी भरोसा ठेवू नये. ते डिस्कवर बसावे लागतात. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढला की खरी पकड येते. रस्ता मोकळा, मागे कोणी नाही, वेळ सकाळची. साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही. मग जरा वेगातून दोन-चार वेळा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून गार करायचं. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलं की त्या जागी पॅडचा डाग बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरतं. मग मिस्त्री म्हणतो, डिस्क वाकली. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, डागाळलेली असते. लेथवर घालून तिची जाडी कमी करणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय.

पॅडची जात बदलली तर डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो, हेही ध्यानात ठेवा. जमलं तर ट्रॅकच्या पॅडसाठी डिस्कचा संचही वेगळा. नाही जमलं तर प्रत्येक अदलाबदलीनंतर पुन्हा बसवून घ्या.

आपल्याकडे शंकरपट आहे, बैलजोड्यांची शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला. पट आता पुन्हा रंगतात. तिथे काय असतं? जोडी सुटते, धुरकरी ओरडतो, आणि शेवटच्या खुणेपुढे मोकळं रान असतं. जोडी आपोआप मंदावते. मोटारीच्या ट्रॅकवरही वळणाबाहेर मोकळी जागा, खडी, टायरांच्या भिंती. पळवणाऱ्याने थांबायची जागा आधी ठेवलेली असते.

महामार्ग ५३ वर वळणाबाहेर काय आहे? चहाची टपरी. तिच्यासमोर बाकडं. बाकड्यावर चार माणसं.

तिथे रात्री शर्यत लावणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात कलम १८९ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्या मते शिक्षा फार कमी आहे. विमा तर ट्रॅकवरच्या शर्यतीलाही सहसा लागू होत नाही. पॉलिसीतलं बारीक अक्षर जाण्याआधी वाचा.

गेलातच ट्रॅकवर, तर जा मनसोक्त. हेवा करावा अशी गोष्ट आहे ती. आदल्या संध्याकाळी पॅडची जाडी बघा, निम्मी उरली असेल तर ते पॅड ट्रॅकवर नेऊ नका. रस्त्यावर ३ मिलिमीटरपर्यंत चालतं, ट्रॅकवर नाही, कारण पातळ पॅडमधून आच थेट ऑइलला लागते. शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता. आत येऊन थांबलात की हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा.

आणि संध्याकाळी परतीच्या आधी, कितीही दमला असाल, ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे घाला. चाकाचे बोल्ट आळीपाळीने आवळा. मग गाडी सुरू करायच्या आधी पेडल तीन-चार वेळा दाबा, कडक होईपर्यंत. पॅड बदलताना दट्ट्या मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला दाब रिकामा जातो. तो जाऊ द्यायचा तो गाडी उभी असताना, फाटकाच्या आत.